फुंकरबाबाची हिरवी दाढी

भर दुपारी बारा वाजता तीस-चाळीस शहाणीसुरती माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये डोळे मिटून उभी होती आणि नाकातून 'हूंऽऽऽ' करत होती. मधमाश्यांचं पोळं परवडलं. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटून राहावी. मधोमध एक पिवळी शाळेची व्हॅन. तोंड आत, बूड बाहेर. शटर तिच्या टपावर टेकवलेलं आणि उरलेल्या फटीला ताडपत्री लावून अंधार केलेला. इंजिन चालू. बॉनेट उघडं, बॉनेटवर पांढरी चादर, आणि त्या चादरीत कमरेपर्यंत घुसलेला एक बाबा. बाहेर दिसत होता तो फक्त बाबाचा मागचा भाग, आणि सगळी मंडळी त्या मागच्या भागाला हात जोडून उभी होती.

मी एक डोळा उघडा ठेवला होता, म्हणून सांगतो.

पाच मिनिटांनी बाबा बाहेर आला. अंगात पांढरा पायघोळ झगा, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि दात असे वाजतायत की जणू कुणी खिशात खिळे खुळखुळवतंय.

"झाऽऽलं," बाबा म्हणाला. "ग-ग-गाडीनं फुंकर घेतली."

"बघा, बघा, बाबांना हुडहुडी भरली!" पोस्टमनकाका ओरडले. हे आमच्या गल्लीतले रिटायर माणूस. डोक्यावर केस नाही आणि अंगात दम नाही, पण पुढं पहिले. त्यांनी बाबाच्या पोटाला हळूच हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "बर्फ! अहो, नुसता बर्फ!"

लोकांनी 'आहाऽऽ' केलं. मग व्हॅनच्या आत घुसायला रेटारेटी. एसीच्या जाळीतून खरंच गारेगार वारं येत होतं. पालकांच्या कमिटीच्या सेक्रेटरीबाई जाळीला तोंड लावून बसल्या आणि त्यांचा चष्मा धुरकटला. "अगदी डोंगरावर आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या.

थोड्या वेळानं व्हॅनखाली टप टप पाणी पडायला लागलं. बाबाच्या सांगण्यावरून खाली आधीच एक ताट ठेवलेलं.

"गाडी रडत नाहीये," बाबा म्हणाला. "हे आनंदाश्रू आहेत. कपाळाला लावा. डोकं शांत राहील."

लोकांनी ताटात बोटं बुडवून कपाळाला लावली. पोस्टमनकाकांनी ओंजळ भरून सगळ्या टकलावर चोळली. केस येतील अशी आशा. चाळीस वर्षं दुसऱ्यांना खुशालीची पत्रं वाटली, म्हणाले, आता एखादी खुशाली आपल्याला पण यावी.

आता मी कोण, तर गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा मिस्तरी. शाळा पाचवीपर्यंत. त्यातही दोन वर्षं बाकाखाली काढली. पण गाडीचा एसी म्हणाल, तर पंचवीस वर्षं त्याच्यातच हात काळे केले. आणि ती पिवळी व्हॅन माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. तिला आम्ही लहानपणापासून चिमणी म्हणतो. नवऱ्याची पाठ कामातून गेली, तो पलंगाला खिळला, तेव्हा चिमणीनं माझ्याकडून गाडी चालवायला शिकून घेतली आणि ही व्हॅन धरली. रोज अकरा पोरं शाळेत सोडते, परत आणते. त्या व्हॅनवर तिचं घर आहे. नुसतं घर नाही, स्टिअरिंगवर बसली की तिची मान ताठ होते. ती ताठ मान मला बघायला आवडते, खोटं कशाला बोलू.

उन्हाळा लागला आणि व्हॅनचा एसी गरम हवा फेकायला लागला. चिमणी माझ्याकडं आली. मी गॅस भरून दिला. आठवड्यात परत गरम. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला, कुठं बुडबुडा येतोय का बघितलं. नाही आला. परत गॅस भरला. परत गरम. एकच जागा बघायची राहिली होती, ती म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेली कूलिंग कॉइल. पण डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे अख्खा दिवस पाठ मोडून पालथं पडायचं, पन्नास स्क्रू काढायचे आणि लावताना चार उरतात. मला कंटाळा आला. हे मी आज कबूल करतो, तेव्हा नाही केलं.

तिसऱ्या वेळी मी गॅसबरोबर एसीत थोडा रंग सोडला. हा रंग गॅसबरोबर आत फिरतो आणि जिथं भोक असेल तिथून बाहेर येऊन डाग पाडतो. जांभळ्या उजेडाच्या टॉर्चनं बघितलं की तो डाग हिरवागार चमकतो. मी म्हटलं, "चिमे, चार दिवस चालव आणि घेऊन ये. भोक सापडेल."

चार दिवसांत भलतंच झालं. गॅस कमी झाला की आत फुसफुस आवाज येतो. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, "आमची व्हॅन उसासे टाकते." कधी खाली पाणी पडलं, तर "व्हॅन रडते." त्यात एका पोराला उकाड्यानं उलटी झाली. झालं, गाडीत काहीतरी आहे! सेक्रेटरीबाईंच्या नणंदेला कुणीतरी सांगितलं की डोंगरावर एक बाबा राहतो, नुसत्या फुंकरीनं माणसाचा ताप उतरवतो. मग गाडीचा का नाही? माझी टॉर्चची तपासणी राहिली बाजूला.

फुंकरबाबा आला. फुंकला. गाडी गार झाली. चार दिवसांनी परत गरम. परत आला, परत फुंकला, परत गार. आज तिसरी खेप होती, म्हणून मी मुद्दाम दुकान बंद करून बघायला गेलो होतो. आणि आज बाबा झगा सावरत स्टुलावर चढून बोलायला लागला.

"मंडळी, उष्णता म्हणजे काय? उष्णता म्हणजे अहंकार! रेडिएटर काय आहे? रागाचं घर. कॉम्प्रेसर काय आहे? मनावरचं ओझं. आणि फॅनबेल्ट?"

"काय, बाबा?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"फॅनबेल्ट म्हणजे संसार. गरागरा फिरतो आणि कुठंच पोचत नाही."

"वाऽऽ!" पोस्टमनकाकांच्या डोळ्यांत पाणी.

"ही गाडी तापट आत्म्याची आहे. माझी फुंकर चार दिवसांच्या वर तिच्यात टिकत नाही. तिला एकांत पाहिजे. एक वर्ष ती माझ्याजवळ डोंगरावर राहील. शनिवारी दुपारी किल्ली माझ्या हातात द्या. नाहीतर या गाडीत बसणाऱ्या पोरांचं मी काही सांगू शकत नाही."

पोरांचं नाव काढल्यावर सेक्रेटरीबाई चिमणीकडं वळल्या. "हे बघा, आमचा तुमच्यावर राग नाही. पण किल्ली दिली नाहीत, तर सोमवारपासून एक पण मूल तुमच्या गाडीत बसणार नाही."

चिमणी किल्ली मुठीत धरून उभी होती. इतकी घट्ट, की बोटं पांढरी पडली होती.

मी बाबाकडं बघत होतो. दोन गोष्टी मला खटकल्या. एक म्हणजे निघताना तो बॉनेटपाशी थांबला आणि एसीची जाड नळी त्यानं बोटांच्या पाठीनं चाचपली. तळव्यानं नाही, बोटांच्या पाठीनं. गार झाली का, घाम आला का, हे असं फक्त आमच्या धंद्यातला माणूस बघतो. शिवाय व्हॅनचं बूड बाहेर ठेवायची अक्कल, म्हणजे धूर आत साठून माणसं मरायला नकोत. ही ध्यानाला बसून येत नाही, गॅरेजमध्ये मार खाऊन येते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या पांढऱ्या बाहीवर पोपटी डाग होता. तसला डाग मी झोपेत पण ओळखीन. त्याच्यापायी माझ्या बायकोनं माझे सहा शर्ट फरशी पुसायला घेतलेत.

संध्याकाळी चिमणी माझ्या दुकानात आली. आली ती टायरवर बसली.

"दादा, मी किल्ली देणार नाही."

"देऊ नको."

"आणि सोमवारी? रिकामी व्हॅन घेऊन शाळेला चक्कर मारू?"

"अगं, तो लबाड आहे. चादरीखाली गॅस भरतो. तो हूंऽऽ कशाला करायला लावतो, माहितीये? गॅस सुटताना सूंऽऽ होतं ना, ते ऐकू येऊ नये म्हणून. मी उद्याच सगळ्यांना सांगतो."

"सांग की. ते म्हणतील, बहिणीची गाडी वाचवायला मिस्तरी जळतोय. आणि तू तरी काय केलंस? तीनदा गॅस भरलास, तीनदा गेला. त्यानं तीनदा भरला, दोनदा गेला, तिसरा पण जाईल. तू पण बाबाच आहेस, दादा. नुसती दाढी नाही."

लागलं मला. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "त्याच्या बाहीला माझा रंग लागलाय. शनिवारी सगळ्यांसमोर तोच दाखवू."

शनिवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. परत तसंच, व्हॅनचं बूड बाहेर, ताडपत्री, अंधार, चादर. किल्ली घेण्याआधी गाडी गार करून दाखवतो, म्हणजे शंका नको, असं बाबाच म्हणाला. लोकांनी डोळे मिटले. हूंऽऽऽ. पाच मिनिटांनी बाबा दात वाजवत बाहेर. या वेळी तर बिचाऱ्याचे ओठ निळे. थोड्या वेळानं ताटात पाणी पडलं, लोकांनी परत कपाळाला लावलं.

मी पुढं झालो. डोळ्यांवर पिवळा गॉगल घातला. हा टॉर्चबरोबर येतो, घातल्यावर माणूस बेडकासारखा दिसतो. आणि बाबाच्या अंगावर जांभळा उजेड टाकला.

पहिल्यांदा बाबाचा झगा निळा-पांढरा लखलखला. ट्यूबलाइटच जशी. मग त्याची उजव्या हाताची बोटं, हिरवीगार. बाही हिरवी. आणि दाढी! चादरीखाली वाकून नळी लावताना-काढताना जेवढं उडलं होतं, तेवढं सगळं दाढीत. दाढी अशी पेटली की जणू काजव्यांनी घरटं केलंय.

मी ऐटीत म्हटलं, "बघा! बघा आता!"

लोकांनी बघितलं आणि धाडकन बाबाच्या पायावर पडले.

"तेज! तेज बाहेर पडलं!" पोस्टमनकाका रडायलाच लागले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "मिस्तरी, तुमचे उपकार झाले. आम्हाला नुसत्या डोळ्यांनी हे दिसलंच नसतं."

बाबानं आपली दाढी बघितली. पहिल्यांदा दचकला. पण माणूस पक्का. लगेच डोळे मिटून म्हणाला, "लपवून ठेवलं होतं. आज नाइलाज झाला."

मी टॉर्च धरून उभा. असं वाटलं की आपणच चोराला पोलिसचौकीत नेलं आणि तिथं पोलिसांनी त्याला हार घातला. मी चिमणीकडं बघितलं. ती माझ्याकडं नव्हे, बाबाच्या डाव्या काखेकडं बघत होती. बाबाचा उजवा हात खाली-वर होत होता, डावा मात्र मघापासून अंगाला चिकटलेला.

ती पुढं आली. पदर खोचला, किल्ली वर धरली.

"बाबा, घ्या किल्ली. माझी काही तक्रार नाही. फक्त आशीर्वाद द्या."

बाबानं उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"असा नको, बाबा. दोन्ही हातांनी द्या."

"एक पुरतो, मुली."

"एका हातानं शेजारी पण देतात. माझी गाडी जातेय, बाबा. माझं घर जातंय. अर्धा आशीर्वाद घेऊन मी काय करू?"

"खरंय!" मागून कुणी बाई बोलली. "बिचारी गाडी देतेय आणि तुम्ही हात राखून ठेवताय?"

"दोन्ही हात! दोन्ही हात!" लोक ओरडायला लागले. पोस्टमनकाकांनी तर भक्तीच्या भरात बाबाचं डावं मनगट धरून वरच उचललं.

ठण्ण!

झग्यातून एक डबा पडला. हातभर नळी शेपटीसारखी मागं. डब्यावर पांढरं दव गोठलेलं. गडगडत गेला आणि पोस्टमनकाकांच्या पायाला जाऊन टेकला.

"अयाया! गार!" काका उडाले.

"हा... हा शीतकुंभ आहे," बाबा म्हणाला. आता त्याचे दात वाजत नव्हते.

"त्याच्यावर काहीतरी लिहिलंय," चिमणी म्हणाली. "काका, तुम्ही जन्मभर पत्ते वाचलेत. वाचा की."

काकांनी चष्मा लावला. सवयीनं आधी डबा उलटा-सुलटा करून तिकीट आहे का बघितलं. मग खणखणीत आवाजात वाचलं, "वाहनाच्या एसीचा गॅस. उन्हात ठेवू नये. डोळ्यांत जाऊ देऊ नये. लहान मुलांपासून..." काका थांबले. सेक्रेटरीबाईंकडं बघितलं. "लहान मुलांपासून दूर ठेवावे."

बाबा ताडपत्रीकडं सरकला, पण तिथं चिमणीच्या व्हॅनमधल्या पोरांच्या आया उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाऱ्याला वाट नव्हती, बाबाला कुठली मिळणार?

मग मी टॉर्च परत पेटवला. डब्याच्या नळीचं तोंड हिरवं. बॉनेटमधलं गॅस भरायचं तोंड हिरवं. बाबाची बोटं हिरवी. मी खिशातून रंगाची बाटली काढली, माझ्या नाकावर एक थेंब लावला आणि उजेड टाकला. नाक हिरवं.

"पडा आता माझ्या पाया," मी म्हटलं. "हा रंग मी गाडीत घातलाय, तीन आठवड्यांपूर्वी. बाबानं चादरीखाली नळी लावली, काढली, की थोडा गॅस सुटतो आणि रंग उडतो. कधी दाढीत, कधी बाहीवर. आणि ती हुडहुडी म्हणाल, तर डब्यातला गॅस बाहेर जायला लागला की डबा बर्फासारखा गार पडतो. ज्याला खात्री करायचीय त्यानं काखेत धरून बघा. तुम्ही पण संत व्हाल."

"पण झगा निळा चमकला त्याचं काय?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं. चांगला प्रश्न. मला आवडला.

मी उजेड फिरवला. पोस्टमनकाकांचा सदरा चमकला. माझं बनियन चमकलं. बाईंचा रुमाल तर सगळ्यांत जास्त. "कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणासाठी एक चीज असते, ती अशी चमकते. बाबाचं तेज नाही, बाई. धुणं आहे."

लोक हसायला लागले. आणि मग हसता हसता एकमेकांच्या कपाळांकडं बोटं दाखवायला लागले. कारण उजेड फिरताना लोकांच्या कपाळांवर पण हिरवे डाग चमकत होते. आणि मध्ये पोस्टमनकाकांचं टक्कल! आठवडाभर धुतलं नव्हतं त्यांनी, खुशाली वाहून जाईल म्हणून. पूर्ण गोल, हिरवंगार, चौकातल्या सिग्नलसारखं.

"मला काय झालं? काय झालं मला?" काका टकलावर हात फिरवायला लागले.

"काका, तुम्हाला जायला मोकळं आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

मी मात्र हसलो नाही. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या सगळ्यांना रंग लागला कुठून? ताटातल्या पाण्यातून. ते पाणी कुठून येतं? गार पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसाच डॅशबोर्डमधल्या कूलिंग कॉइलला येतो. तो घाम नळीनं खाली गळतो. त्यात गाडी रडत नाही आणि हसत पण नाही. पण त्या घामात माझा रंग आला, म्हणजे भोक त्या कॉइललाच! जे मला तीन खेपा सापडलं नाही, ते पोस्टमनकाकांच्या टकलावर लिहिलेलं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आज शेवटचं पत्र पोचवलंत बघा."

"पण फुंकर चार दिवस टिकायची, हे तर खरं ना?" काका अजून हट्टानं म्हणाले. आशा सुटत नाही हो माणसाची.

"काका, गॅस काय करतो सांगू? तो तुमच्यासारखा पोस्टमन आहे. आतली गरमी उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत आत येतो. दिवसभर त्याच रस्त्यावर. पत्रं वाटून वाटून पोस्टमन संपतो का?"

"छे!"

"मग एके दिवशी आलाच नाही तर?"

"तर... तर तो कुठंतरी पळाला असणार."

"बस. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत फिरतो. कमी झाला, म्हणजे कुठूनतरी पळाला. ज्यानं भोक न बुजवता नुसता गॅस भरला, त्यानं चार दिवसांची उधारी दिली. बाबानं तेच केलं." चिमणी माझ्याकडं बघत होती. "आणि मी पण तेच केलं. डॅशबोर्ड उघडायचा कंटाळा केला. माझ्या बहिणीची गाडी बाबापर्यंत गेली ती माझ्या आळसानं. हे पण ऐकून ठेवा."

बाबा स्टुलावर बसला होता. दाढीवरून हात फिरवत होता, पुसायचा प्रयत्न. जात नव्हतं.

"तू आमच्यातला आहेस ना रे?" मी विचारलं.

"फ्रिजचं दुकान होतं माझं," तो पुटपुटला. "गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारायचं. काय बिघडलं, कशानं बिघडलं, परत बिघडेल का. वैतागलो. झगा घातला, तर कुणी एक प्रश्न विचारला नाही. तुम्हीच सांगा, कोण परत दुकान उघडेल?"

शेडमधल्या बऱ्याच माना खाली गेल्या.

"आणि माझी गाडी?" चिमणी त्याच्यासमोर उभी राहिली. "ती कशाला पाहिजे होती?"

"डोंगर चढून गुडघे गेलेत माझे."

"ताप फुंकरीनं उतरवता ना? मग गुडघ्यावर फुंका की."

एवढं बोलून ती वळली आणि म्हणाली, "दादा, स्क्रू-ड्रायव्हर दोन आण. हा डोंगरावर जायच्या आधी माझा डॅशबोर्ड उघडून जाईल."

आणि खरंच, सगळ्या गल्लीसमोर फुंकरबाबानं झगा काढला, बाह्या वर केल्या आणि व्हॅनमध्ये पालथा पडला. मी आधी उरलेला गॅस मशीननं ओढून घेतला. तो हवेत सोडायचा नसतो. मग आम्ही दोघं स्क्रू काढत बसलो. हात चांगला होता त्याचा, ते मात्र खरं. असा हात असून माणसानं फुंकर विकावी, याचाच राग आला मला.

चार वाजता कॉइल बाहेर आली. मी टॉर्च टाकला. खालच्या कोपऱ्यात, मोहरीएवढा, हिरवा ठिपका.

"एवढंच?" सेक्रेटरीबाई वाकून बघत म्हणाल्या. "एवढ्या भोकासाठी आम्ही हिची गाडी घालवत होतो?" मग चिमणीकडं न बघताच म्हणाल्या, "सोमवारी माझी मुलगी पुढच्या सीटवर बसेल."

"पुढची सीट धाकट्यांना नाही," चिमणी म्हणाली. "मागं बसवा. आणि वेळेवर पाठवा." मान ताठ.

नवी कॉइल बसवली, जोडांच्या रबरी रिंगा बदलल्या, पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढली आणि मीटरची सुई बघत बसलो. सुई हलली, तर अजून भोक आहे. तासभर बघितली. चाळीस डोळे त्या सुईवर. एकानं पण हूंऽऽ केलं नाही. सुई हलली नाही. मग गॅस भरला, मोजून. बॉनेट उघडं ठेवून, शटर वर करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जाताना बाबाला मी सांगितलं, "दुकान उघड. झगा घालून परत दिसलास, तर टॉर्च माझ्या खिशातच असतो." तो गेला. दाढी भादरून घेतली म्हणतात. कुठल्या रंगाची होती, न्हाव्याला विचारा.

त्या दिवसापासून व्हॅनचा एसी गार तो गार आहे. पण गंमत पुढंच. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दुकानात एक बाई आल्या. हातात लहान पोर, तापानं फणफणलेलं. "मिस्तरी, तुमचा तो जांभळा टॉर्च जरा याच्या अंगावर फिरवा ना. आत काय आहे ते दिसतं म्हणतात."

मी टॉर्च आधी ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. "बाई, याच्यात पोराचा ताप दिसत नाही, दुपट्याची पावडर दिसते. डॉक्टरकडं जा. लगेच जा. चिमे, यांना सोडून ये."

चिमणी दुकानात चहा घेत होती. तिनं कप बाईंच्या हातात दिला. "घ्या, एक घोट घ्या आधी. तोवर गाडी काढते मी."

बाईंनी कप तोंडाजवळ नेला आणि फुंकर मारली.

"बरोबर," चिमणी किल्ली उचलत म्हणाली. "फुंकरीनं एवढंच गार होतं."

तर मंडळी, माझं शिक्षण पाचवी, त्यामुळं जास्त सांगायची माझी लायकी नाही. एवढंच सांगतो. कुणी पण तुमची अडचण चुटकीसरशी घालवून दाखवली, बाबा असो नाहीतर माझ्यासारखा मिस्तरी असो, तर डोळे मिटू नका. उघडे ठेवा आणि विचारा, भोक कुठंय? दाखवता आलं, तर त्याला चहा पाजा. नाही दाखवता आलं आणि उलट तुम्हालाच नाकातून आवाज काढायला लावला, तर तिथून निघा. आणि जाताना त्याचा डावा हात तेवढा वर करायला सांगा.